लांब केसांच्या कुत्र्याची निगा : घरचा हात कीं भाड्याची कात्री ?

शेतकऱ्याच्या दारांत कुत्रा असणें ही नवी गोष्ट नव्हे. वस्ती, खळें, गोठा व कोंबड्यांचें खुराडें यांची राखण करणारा गांवठी कुत्रा आंखूड केसांचा असतो. त्याच्या अंगाची चिंता धन्याला फारशी करावी लागत नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत लांब केसांचे कुत्रेहि खेड्यापाड्यांतून दिसूं लागले आहेत. शहरांत नोकरीस असलेलीं मुलें हौसेनें पिलूं घेतात. पुढें बिऱ्हाडाची जागा अपुरी पडते, अथवा कामाच्या वेळा जमत नाहींत, आणि तो कुत्रा गांवाकडे आईबापांच्या स्वाधीन होतो. त्याच्या बरोबर त्याचे केसहि येतात, व त्या केसांचें काय करावयाचें हा प्रश्न येतो. पॉमेरेनियन, लांब केसांचा अल्सेशियन, गोल्डन रिट्रीव्हर, ल्हासा आप्सो, शिह-त्झू हे असे कुत्रे होत. सांगली-सोलापूरकडील आमच्या वाचकांना यांच्या जोडीला पश्मी कुत्राहि ठाऊक असेल.

कुत्र्याचे केस विंचरून, धुऊन व कापून देण्याचा धंदा मोठ्या शहरांत आतां चांगला रुळला आहे. हें काम करणाऱ्यास ग्रूमर म्हणतात. हें काम घरीं करावें कीं ग्रूमरकडून करून घ्यावें, असें विचारलें म्हणजे बहुतेक लोक खर्चाचा हिशेब मांडूं लागतात. आमच्या मतें हिशेब मागाहून मांडावा. आधीं आपल्या कुत्र्याच्या अंगावर कोणत्या प्रकारचे केस आहेत तें पाहावें. कारण कांहीं कुत्र्यांना कात्रीची गरजच नसते, कांहींचें तिच्यावांचून चालत नाहीं, आणि विंचरण्याचें काम तर कोणत्याहि कुत्र्याच्या बाबतींत भाड्यानें उरकण्यासारखें नसतें.

म्हशी भादरण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. म्हशीचे केस विरळ व राठ, कातडी काळी व जाड. भादरल्यानें उवा कमी होतात, अंग धुण्यास सोपें जातें, आणि उन्हाची तलखी वाढली कीं म्हैस पाण्यांत बसून अंग थंड करून घेते. मेंढी कातरतात ती लोकरीसाठीं. हे दोन अनुभव गांठीं असल्यामुळें चैत्र लागला कीं ‘एवढ्या केसांत याला किती उकडत असेल’ असें म्हणून कुत्राहि भादरून टाकावा असें शेतकऱ्यास वाटतें, आणि पुष्कळ ठिकाणीं तसें होतेंहि. हेतु भूतदयेचा असतो हें खरें, पण पॉमेरेनियन किंवा अल्सेशियन यांच्या बाबतींत ही कृति चुकीची आहे.

याचें कारण केसांच्या रचनेंत आहे. पॉमेरेनियन, अल्सेशियन, गोल्डन रिट्रीव्हर, तसेच हिमालयांतील मेंढपाळांजवळचे भोटिया व गद्दी कुत्रे यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, ताठ केस. आणि त्यांच्या तळाशीं कापसासारखी मऊ, दाट लव. लवेंत हवा धरून राहते व वरचे केस ऊन, पाऊस आणि कांटेकुटे अडवतात. गोठ्याला उन्हाळ्यांत गवताचें छप्पर जें काम देतें, तेंच काम हे दोन थर कातडीला देतात. छप्पर उतरवल्यानें गोठा थंड होत नाहीं. शिवाय माणसाप्रमाणें कुत्र्याच्या सर्वांगाला घाम येत नाहीं. त्याच्या घामाच्या ग्रंथि मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. अंगांतील उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकून बाहेर घालवितो. त्यामुळें केस काढून कातडी उघडी केली तरी घाम वाळून गारवा येण्याचा जो लाभ आपल्याला होतो, तो त्याला मिळत नाहीं. उलट कोंवळी कातडी उन्हानें भाजते. कुत्र्याची कातडी केसांखालीं झांकलेली असल्यामुळें आपल्या कातडीपेक्षां पातळ असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते.

दुसरी हानि याहून टिकाऊ आहे. दोन थरांचा कुत्रा मुळापासून भादरला म्हणजे केस पूर्वीसारखे येतीलच असें नाहीं. लव आधीं वाढते, वरचे केस मागें पडतात, आणि सर्व अंग लोकरीच्या जुन्या घोंगडीसारखें दिसूं लागतें. पॉमेरेनियनच्या कुळांतील कांहीं कुत्र्यांच्या अंगावर तर महिनेच्या महिने केस येत नाहींत व टकलाचे चट्टे राहतात. अशा कुत्र्याला उन्हाळ्यांत हवें असतें तें सांवली, ताजें पाणी, दुपारीं ओलसर गार जमीन, आणि सुटलेली लव विंचरून काढणें. ऋतु पालटतांना जुनी लव सुटते. ती केसांत अडकून राहिली कीं हवेचा मार्ग बंद होतो. कुत्र्याला उकडतें तें या मेलेल्या लवेमुळें, जिवंत केसांमुळें नव्हे. ती काढावयास फणी पुरते, आणि फणी घरांत कोणीहि धरूं शकतें.

आतां दुसरा प्रकार. पूडल, ल्हासा आप्सो, शिह-त्झू, माल्टीझ यांचे केस आपल्या डोक्याच्या केसांप्रमाणें वाढतच राहतात व फारसे गळत नाहींत. यांना कात्री लावावीच लागते. न लावल्यास डोळे झांकले जातात, तोंडाभोंवतीं अन्न चिकटून कुजतें, आणि शेपटीखालीं विष्ठा लागून राहते. पूडल हा मूळचा पाण्यांतून शिकार आणणारा कुत्रा. पोहतांना ओझें होऊं नये म्हणून त्याचे मागचे केस कापीत व छाती आणि सांधे यांवरचे ऊब राहावी म्हणून ठेवीत. पुढें त्याची शोभा झाली. एकोणिसाव्या शतकांत पॅरिस येथें सीन नदीच्या कांठीं व पुलांवर कुत्रे भादरणारे स्त्रीपुरुष बसत, आणि पूडल हें त्यांचें मोठें गिऱ्हाईक असे. कात्रीचा धंदा वाढत्या केसांच्या कुत्र्यांभोंवतीं उभा राहिला ही गोष्ट ध्यानांत ठेवली, म्हणजे आज कोणत्या कुत्र्यासाठीं ग्रूमर शोधावयाचा हें निराळें सांगावें लागत नाहीं. घरीं ल्हासा किंवा शिह-त्झू असेल तर दीड-दोन महिन्यांतून एकदां कापणीचा खर्च धरून चालावें, किंवा घरच्या कोणीतरी ती कला नीट शिकून घ्यावी.

पश्मी हा तिसरा प्रकार. कारवान कुत्र्याच्याच कुळांतला हा शिकारी कुत्रा. अंगभर केस आंखूड, परंतु कान, शेपूट व पायांची मागची बाजू यांवर रेशमासारखी झालर. याला आंतली लव जवळजवळ नसते. याला ग्रूमरची गरज नाहीं, आणि झालर कापून टाकण्याचेंहि कारण नाहीं. या जातीच्या कुत्र्यांना संस्थानी काळांत मुधोळच्या घोरपडे घराण्याचा आश्रय मिळाला. मुधोळ आज कर्नाटकांत बागलकोट जिल्ह्यांत मोडतें, पण कुत्रे सीमा पाळीत नाहींत व दक्षिण महाराष्ट्रांत ते सर्वत्र आहेत. पश्मीच्या झालरीचा खरा शत्रु ऊन नव्हे, तर गवत.

या गवताविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे, कारण शहरांत छापलेल्या माहितींत तें सांपडत नाहीं. आपल्या माळरानांवर पावसाळा सरतां सरतां कुसळी गवत पिकतें. त्याच्या बियाचें टोंक सुईसारखें असतें. टोंकाजवळ मागें वळलेले बारीक ताठ केस असतात, आणि वर लांब कुसळ. हवेंतील ओल कमी-जास्त झाली कीं तें कुसळ पीळ घेतें व उलगडतें, आणि प्रत्येक पिळाबरोबर बी मातींत खोल जातें. मागें वळलेल्या केसांमुळें तें परत वर येऊं शकत नाहीं. गवताची ही पेरणीची युक्ति मोठी नामी आहे. पण कुत्र्याच्या केसांत बी अडकलें म्हणजे माती कोणती व कातडी कोणती हें त्याला कळत नाहीं. केसांच्या ओलीनें व अंगाच्या हालचालीनें तें आंत सरकतें. पंजाच्या बोटांमधली बेचकी, काखा, जांघा, कान आणि डोळ्यांची कड ह्या त्याच्या ठरलेल्या जागा होत. कुत्रा एकाएकीं डोकें झटकूं लागला व एक कान खालीं धरूं लागला, तर कानांत कुसळ गेल्याचा संशय घ्यावा. एकच पंजा सारखा चाटूं लागला व बोटांमध्यें गांठ येऊन ती फुटूं लागली, तर तेंच. कानांत काडी घालून शोधूं नये. कुसळ पुढें सरकतें व पडद्याला इजा होते. त्यासाठीं पशुवैद्याचा दिवा व चिमटाच पाहिजे.

उपाय सोपा आहे, पण तो रोजचा आहे. अश्विनापासून गवत झडून जाईपर्यंत कुत्रा रानांतून परत आला कीं त्याला अंगणांत उभा करून पंजांच्या बेचक्या, कानांच्या आंतली बाजू व काखा बोटांनीं चांचपाव्या आणि झालर विंचरावी. पांच मिनिटांचें हें काम आहे. महिन्यांतून एकदां येणारा ग्रूमर तें करूं शकत नाहीं. आंत शिरावयाला कुसळाला महिन्याची वाट पाहावी लागत नाहीं. बोटांमधले व तळव्याखालचे केस मात्र या दिवसांत बोथट टोंकाच्या कात्रीनें आंखूड ठेवावे, म्हणजे कुसळाला धरावयास जागा उरत नाहीं.

आघाड्याचें बी व लांडग्याचीं कांटेरी फळें यांचा त्रास निराळा. तीं कातडींत शिरत नाहींत, पण प्रत्येक फळाभोंवतीं केस गुरफटून गांठ तयार होते. अशाच एका आंकडेदार फळानें जगाला एक उपयुक्त वस्तु दिली, ती गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमधील इंजिनियर जॉर्ज द मेस्त्राल हे 1941 सालीं कुत्र्यासह रानांतून परत आले तेव्हां त्यांनीं कुत्र्याच्या केसांतून काढलेलीं फळें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं, आणि त्या आंकड्यांवरून चपलांना व पिशव्यांना आज जी चिकटपट्टी असते ती, म्हणजे व्हेलक्रो, निर्माण केली. आपल्या घरीं मात्र असें फळ ओढून काढूं नये. त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडावे, बोटांनीं केस थोडे थोडे मोकळे करावे, व मग फळ सोडवावें.

गांठ झाली व ती तशीच राहिली म्हणजे तिची जट होते. जट ही केवळ दिसण्यांतली खोड आहे अशी समजूत असल्यास ती सोडून द्यावी. जटेखालची कातडी सारखी ओढली जाते, तिला वारा लागत नाहीं, पावसाळ्यांत ती वाळत नाहीं, व तेथें ओली खरूज होते. शेपटीखालीं किंवा कानामागें अशी ओली, दुर्गंधी जागा माशीला सांपडली कीं ती अंडीं घालते आणि अळ्या पडतात. जखमेंतल्या जिवंत मांसावरच वाढणारी माशी आपल्या देशांत आहे. गुरांना तिचा उपद्रव होतो तो आमच्या वाचकांना परिचित आहे. गुराची जखम निदान दिसते. लांब केसांच्या कुत्र्याची दिसत नाहीं. धन्याला वास येतो तेव्हां आंत खोल खड्डा पडलेला असतो. विंचरण्याचा आग्रह आम्ही एवढ्यासाठींच धरतों. फणी फिरवतांना हात कातडीपर्यंत पोंचतो, आणि हात पोंचला म्हणजे गांठ, जखम, गोचीड, सूज हें सर्व वेळींच कळतें.

गोचिडाविषयीं एक-दोन गोष्टी. गुरांवर नेहमीं आढळणारा गोचीड आपलें बहुतेक आयुष्य एकाच जनावराच्या अंगावर काढतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड तसा नाहीं. तो प्रत्येक अवस्थेंत रक्त पिऊन खालीं पडतो, भिंतीच्या फटींत किंवा कौलाखालीं कात टाकतो, व पुन्हां कुत्र्यावर चढतो. मादी अशाच फटींत हजारों अंडीं घालते. म्हणून केस कितीहि आंखूड केले तरी कुत्र्याच्या निजण्याच्या जागेच्या फटी लिंपल्यावांचून गोचीड हटत नाहीं. या गोचिडापासून एर्लिकिया व बॅबेसिया हे रोग होतात. ताप, अन्न टाकणें, हिरड्या पांढुरक्या पडणें, नाकांतून रक्त येणें, लघवी गडद होणें यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. अंगावर गोचीड सांपडला तर तो रॉकेल टाकून किंवा विडीचा चटका देऊन मारूं नये. चिमट्यानें त्याला कातडीलगत धरून सरळ वर ओढावें.

शेतकऱ्याच्या घरीं कुत्र्याला खरा धोका कात्रीचा नसून औषधांच्या फडताळाचा आहे, असें आम्हांस वाटतें. गुरांवर फवारण्यासाठीं आणलेलें अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन अथवा सायपरमेथ्रिन उरलें म्हणून तें कुत्र्याच्या अंगावर ओततात. लांब केसांत तें पुष्कळ धरून राहतें व कुत्रा तें चाटतो. लाळ गळणें, अंग थरथरणें, कुत्रा सुस्त पडणें हीं विषबाधेचीं लक्षणें होत. फिनेल घातलेल्या पाण्यानें आंघोळ घालण्याची चालहि तितकीच वाईट. तें जमीन धुण्याचें द्रव्य आहे. गुरांना टोंचावयाचें आयव्हरमेक्टिन अंदाजानें देणें तर फारच धोक्याचें. कोली, शेटलंड व ऑस्ट्रेलियन शेफर्ड या मेंढ्या राखणाऱ्या लांब केसांच्या जातींतील पुष्कळ कुत्र्यांत जन्मतःच असा एक दोष असतो कीं, हें औषध त्यांच्या मेंदूंत सहज शिरतें. त्या दोषाचें मूळ 2001 सालीं उघडकीस आलें. अशा जातीच्या किंवा तिच्या संकराच्या कुत्र्याला मोठा डोस दिला तर तो आंधळा होतो, लडखडतो, बेशुद्ध पडतो व मरूं शकतो. गोचिडासाठीं मानेवर सोडावयाचे थेंब व तोंडानें द्यावयाच्या गोळ्या कुत्र्यांसाठीं निराळ्या मिळतात, आणि त्यांचें प्रमाण वजनावरून ठरतें. थेंब सोडतांना केस दुभागून ते कातडीवर पडतील असें पाहावें. केसांवरच राहिले तर पैसा फुकट गेला.

आतां विंचरण्याची रीत. साहित्य थोडें लागतें: बारीक वाकड्या तारांचा एक ब्रश, रुंद व बारीक असे दोन्ही दांत असलेली धातूची फणी, आणि बोथट टोंकाची कात्री. बहुतेक घरीं ब्रश पाठीवरून फिरवतात व काम झालें असें मानतात. वरचे केस चकचकीत दिसतात, आणि खालीं कातडीलगत जटा तशाच राहतात. केस हातानें वर उचलून धरावे, खालून एकेक पदर सोडावा, आणि टोंकाकडून मुळाकडे थोडें थोडें विंचरीत जावें. शेवटीं फणी मुळापासून टोंकापर्यंत न अडतां गेली म्हणजे तो भाग झाला. कानांमागें, पट्ट्याखालीं, काखेंत, जांघेंत व मांड्यांच्या मागें आधीं पाहावें. गांठी तेथेंच पडतात. आठवड्यांतून तीन वेळां पंधरा मिनिटें दिलीं तर सामान्यतः पुरतें. बैलाला खरारा करणाऱ्याला हें काम शिकवावें लागणार नाहीं. फक्त हात हलका ठेवावा. तारांचा ब्रश आधीं स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहावा. जेवढ्या जोरानें आपल्याला लागत नाहीं, तेवढाच जोर.

लहानशी गांठ असल्यास तींत मक्याचें बारीक पीठ चोळून बोटांनीं फोडावी. कापावीच लागली तर गांठीखालून कात्री कधींहि घालूं नये. जट कातडीला वर ओढून घेते. चिमटींत धरलेल्या कापडाप्रमाणें कातडीची घडी जटेंत आलेली असते, व कात्री ती घडीच कापते. गांठ व कातडी यांच्यामध्यें फणी सरकवावी आणि फणीच्या वरच्या बाजूनें कापावें. फणी सरकत नसेल तर तें काम घरचें नव्हे.

आंघोळ विंचरल्यानंतर, आधीं नव्हे. गुंता ओला झाला कीं वाळतांना आवळतो व मग सुटत नाहीं. कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यासारखी नसते, म्हणून आपला साबण किंवा कपड्यांचा सोडा वापरूं नये. कुत्र्यासाठींच केलेला साबण घ्यावा व तो पूर्ण निघेपर्यंत कोमट पाणी ओतावें. कानांत पाणी जाऊं देऊं नये. दोन थरांच्या कुत्र्याची लव वरवर पुसून वाळत नाहीं. पावसाळ्यांत ढगाळ दिवशीं आंघोळ घालण्यापेक्षां ती न घातलेली बरी.

तर मग ग्रूमरकडे केव्हां जावें ? वाढत्या केसांच्या कुत्र्यासाठीं नियमानें. इतर कुत्र्यांसाठीं, कातडीला भिडलेल्या मोठ्या जटा झाल्या असतां, आणि ऋतु पालटतांना लव फारच सुटूं लागल्यास, कारण त्याच्याजवळील जोराच्या हवेच्या यंत्रानें ती घरच्यापेक्षां लवकर निघते. जट काढतांना अंगाचे केस आंखूड होतील हें धन्यानें समजून घेतलें पाहिजे. जट झालेले केस लांब ठेवूनच सोडवून द्या असा हट्ट पुष्कळ लोक धरतात. त्यांत कुत्र्याला तासन् तास वेदना होतात. चांगला कारागीर असें काम नाकारतो, आणि त्यानें नाकारलें म्हणून त्याला नालायक ठरवूं नये.

चांगला ग्रूमर ओळखावा कसा ? तो आधीं रेबीजची लस टोंचल्याचा दाखला मागतो; न मागणारा कदाचित् इतरांकडूनहि मागत नसेल. कुत्र्याला मेजावर गळ्यांत फांस घालून एकटा सोडून जात नाहीं. केस कापण्याच्या यंत्राचें पातें चालतां चालतां तापतें व चटका बसतो, म्हणून तो तें वरचेवर स्वतःच्या हाताला लावून पाहतो. एका कुत्र्याची फणी न धुतां दुसऱ्याला लावीत नाहीं. गजकर्णाचे सूक्ष्म बीज केसांवर महिनोंमहिने जिवंत राहतें, व तें माणसांनाहि लागतें. शिह-त्झू वा ल्हासा यांसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला बंद पिंजऱ्यांत गरम हवेखालीं ठेवीत नाहीं. अशा कुत्र्याला धापा टाकून उष्णता घालवितां येत नाहीं व तो दगावूं शकतो. काम चालू असतां धन्याला पाहूं देतो. आणि मुख्य म्हणजे कुत्रा आवरत नाहीं म्हणून गुंगीचें औषध देण्याची गोष्ट काढीत नाहीं. जनावरावर औषधोपचार करण्याचा अधिकार आपल्याकडे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानें नोंदणी झालेल्या पशुवैद्याचा आहे. चावणाऱ्या किंवा अतिशय जटलेल्या कुत्र्याला गुंगी देणें कधीं कधीं आवश्यक असतें. तें पशुवैद्याच्या दवाखान्यांत व्हावें. घरीं असो वा बाहेर, दांत लागलाच तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें.

किती केस ठेवावयाचे हें कामापूर्वीं बोटाच्या मापानें दाखवून ठरवावें. ‘थोडे कमी करा’ या शब्दांचा अर्थ धन्याच्या मनांत एक व कारागिराच्या मनांत दुसरा असतो. यंत्राच्या पात्यांना आंकडे असतात. आंकडा जितका मोठा, तितके केस आंखूड. दहा नंबरच्या पात्यानें जेमतेम दीड मिलिमीटर केस उरतात. पॉमेरेनियनला तें पातें लावण्याची भाषा कोणी उन्हाळ्याच्या नांवाखालीं केली तर कुत्रा उचलून घरीं आणावा.

नखांचें काम पहिल्यांदा ग्रूमरकडे किंवा पशुवैद्याकडे पाहून घ्यावें व मग घरीं करावें. पांढऱ्या नखांत आंतली लाल शीर दिसते, काळ्यांत दिसत नाहीं. काळें नख अगदीं थोडें थोडें कापावें. रक्त आलेंच तर तुरटीची पूड दाबून धरावी. पुढच्या पायाच्या आंतल्या बाजूचें अंगठ्याचें नख जमिनीला टेंकत नसल्यामुळें झिजत नाहीं. लांब केसांत तें दिसत नाहीं, आणि गोल वाढून मांसांत शिरतें. विंचरतांना तेवढा अंगठा बोटांनीं चांचपून पाहावा.